रस्त्याच्या देखभालीतून होणारी तणांची पेरणी

रस्त्याच्या कडेला वाढणाऱ्या परक्या तणांचा प्रश्न निघाला, की बांधकाम खात्यातील अभियंते, ठेकेदार आणि पुष्कळदा पर्यावरणाविषयी आस्था असलेले नागरिकही एकच युक्तिवाद मांडताना आढळतात. तो साधारणपणे असा असतो: गाजर गवत, घाणेरी, रानमोडी या वनस्पती आता सर्वदूर झाल्या आहेत, शेताच्या बांधापासून किल्ल्याच्या तटापर्यंत त्यांनी जागा सोडलेली नाही, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या चार हात पट्टीत त्यांच्याशी झुंजून काय हाती लागणार? रस्ता वाहतुकीसाठी असतो, वनस्पतिशास्त्रासाठी नव्हे. वळणावर समोरचे वाहन दिसावे, गटार वाहते राहावे, दिशाफलक झाकले जाऊ नयेत, एवढ्यापुरती झुडपे वर्षातून एकदा कापली म्हणजे देखभाल करणाऱ्याचे कर्तव्य संपले. हा युक्तिवाद वरकरणी व्यवहारी वाटतो आणि त्याचा काही भाग खराही आहे. परंतु त्याच्या बुडाशी एक गृहीतक आहे, ते असे की कापणीचा फारसा उपयोग झाला नाही तरी तिने नुकसान तर काही होत नाही. प्रस्तुत लेखाचा आक्षेप नेमका या गृहीतकावर आहे. महाराष्ट्रातील रस्त्यांच्या कडांची देखभाल आज बहुधा ज्या महिन्यांत, ज्या साधनांनी आणि ज्या मोजमापाने होते, ती पाहता या देखभालीने तण हटत तर नाहीच, उलट सरकारी खर्चाने त्याचे बी पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत पोहोचते.

एका अधिक हुशार आक्षेपाचा निकाल आधीच लावलेला बरा. परदेशातून आलेली प्रत्येक वनस्पती शत्रू ठरवायची झाली, तर मिरची, बटाटा, भुईमूग, पेरू आणि सीताफळ यांनाही हद्दपार करावे लागेल, असे काहीजण म्हणतात आणि तणांविषयीच्या चिंतेत त्यांना परकीयद्वेषाचा वास येतो. या म्हणण्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. आपल्या मूळ प्रदेशाबाहेर माणसाच्या हातून, जाणता वा अजाणता, पोहोचलेली वनस्पती ती परकी. आणि अशा परक्यांपैकी जी मशागतीवाचून स्वतःच्या बळावर पसरते, स्थानिक वनस्पतींची जागा बळकावते आणि त्यायोगे शेती, गुरे, आरोग्य किंवा वन्यजीवन यांना अपाय करते, ती आक्रमक. पहिल्या वर्गात हजारो जाती मोडतात, दुसऱ्यात त्यांतल्या थोड्याच. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनेही अशीच मर्यादित व्याख्या स्वीकारली असून, जी परकी जात वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका पोहोचवू शकते तिलाच ती लागू केली आहे. मिरचीचे रोप कोकणातल्या कोणत्याही खडकाळ पठारावर आपण होऊन चढून गेल्याचे ऐकिवात नाही. रानमोडी गेलेली आहे.

मुख्य उदाहरण म्हणून गाजर गवत घेणे सोयीचे ठरेल, कारण भारतातील त्याच्या फैलावाची कहाणी पुण्यापासूनच सुरू होते. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली. अमेरिकेतून आयात केलेल्या धान्यातून ते आले असे सामान्यतः मानले जाते. पुढच्या दोन दशकांत पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांना त्याच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहाचे रुग्ण दिसू लागले आणि त्यामागे पार्थेनिन हे त्या वनस्पतीतील द्रव्य असल्याचे निष्पन्न झाले. त्याच्या परागकणांनी शिंका, नाकाचा दाह आणि काहींना दम्याचा त्रास होतो, हेही आता नवे राहिलेले नाही. परंतु रस्त्याच्या संदर्भात महत्त्वाचे आहे ते त्याचे बी. ज्याला लोक त्याचे फूल म्हणतात, तो प्रत्यक्षात ज्वारीच्या दाण्याहून किंचित मोठा, चार-पाच मिलिमीटर रुंदीचा फुलोरा असतो. त्याच्या कडेला पाच फुले बसलेली असतात आणि प्रत्येकातून एक असे पाच काळसर दाणे धरतात. दर दाण्याच्या दोन्ही अंगांना वांझ फुलांचे वाळके, पोकळ अवशेष चिकटून राहतात, त्यामुळे दाणा वाऱ्यावर थोडाफार उडतो, पाण्यावर चांगला तरंगतो आणि चिखलाबरोबर टायरला सहज चिकटतो. एका झाडावर १५ ते २५ हजार दाणे तयार होऊ शकतात. ओल मिळाली की ते बहुतांशी लगेच उगवतात, उगवल्यापासून साधारण महिनाभरात रोप फुलू लागते आणि एका पावसाळ्यात एकाच जागेवर दोन-तीन पिढ्या होऊन जातात. मातीत खोल गेलेले दाणे मात्र लगेच उगवत नाहीत. ते काही वर्षे तग धरून राहतात, आणि मातीतील या शिल्लक साठ्याला वनस्पतिशास्त्रात बीजपेढी म्हणतात.

आता याच्या शेजारी खात्याचे वेळापत्रक ठेवून पाहावे. पावसाळ्यात डांबरी कामे बंद असतात; पाऊस ओसरला की खड्डे बुजवण्याची घाई सुरू होते आणि त्याच ओघात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, कडेची झुडपे आणि गवत काढण्याचे काम निघते. काही ठिकाणी ते मार्चअखेरीस, निधी परत जाऊ नये म्हणून उरकले जाते. म्हणजे जूनमध्ये उगवलेल्या गाजर गवताने जुलै-ऑगस्टमध्ये पहिले बी टाकले, त्या बियांची दुसरी पिढी सप्टेंबरमध्ये फुलली आणि तिचे दाणे पिकून देठाला लोंबत असतानाच खांद्याला अडकवायचे, पेट्रोलवर चालणारे फिरत्या पात्याचे यंत्र, म्हणजे मजुरांच्या भाषेतला ग्रास कटर, त्यांच्यावरून फिरवला जातो. पाते जमिनीपासून वीतभर वर फिरते, सुकलेले शेंडे त्यात अडकून चिंध्या होऊन उडतात, त्यांतले अर्धे डांबरावर पडतात आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखालून पुढे जातात. खाली उरलेल्या खुंटाला बुंध्यापाशी नवे फुटवे फुटतात आणि थोड्याच दिवसांत ते पात्याच्या उंचीच्या खालीच फुलू लागतात. काम झालेल्या पट्टीचा फोटो निघतो, मोजणी पुस्तिकेत चौरस मीटर चढतात, देयक निघते. आणि पुढच्या जूनमध्ये त्याच पट्टीत गाजर गवत पूर्वीपेक्षा दाट उगवते. हा सगळा प्रकार निष्काळजीपणातून होतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. नियमाप्रमाणे, ठरल्या वेळी, ठरल्या दराने काम केल्यावरच तो होतो, हीच खरी अडचण आहे.

कापणीपेक्षाही मोठा वाहक म्हणजे माती. डांबरी रस्त्याच्या दोन्ही कडांना मुरमाची जी पट्टी असते, तिला बोलीत साइडपट्टी म्हणतात. पावसाने ती खचते, तिच्यावर वाहने उतरून घसरतात, म्हणून ती जेसीबीने खरवडून पुन्हा भरावी लागते. हे काम सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यकच आहे. परंतु खरवडलेली माती कोठे जाते? बहुतेक वेळा ती त्याच रस्त्यावर दोन-चार किलोमीटर पुढे, एखाद्या खचलेल्या ठिकाणी किंवा मोरीच्या तोंडाशी भरावासाठी टाकली जाते, आणि तिच्यातली बीजपेढीही तिच्याबरोबर जाते. नवा मुरूम जेथून येतो त्या खाणींच्या कडाही बहुधा गाजर गवताने किंवा घाणेरीने वेढलेल्या असतात, कारण उघडी पडलेली, ढवळलेली जमीन हीच या वनस्पतींची आवडती जागा. डंपर, जेसीबीचे बकेट आणि रोलरची चाके एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना धुतली जावीत, अशी अट निविदांमध्ये सहसा नसते.

वाहनांनी बिया वाहून नेल्या जातात, ही कल्पनेची भरारी नव्हे. मोरित्झ फॉन डेर लिप्पे आणि इंगो कोवारिक या जर्मन संशोधकांनी बर्लिनमधील एका मोटारमार्गाच्या बोगद्यांच्या आत बी पकडणारे सापळे लावले होते. बोगद्यात वनस्पती उगवत नाहीत, त्यामुळे तेथे पडलेले बी वाहनांनीच आणलेले असणार, हा त्यामागचा साधा पण मार्मिक विचार होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार सापळ्यांत २०४ जातींचे बी सापडले आणि त्यांतल्या निम्म्या जाती परक्या होत्या. जर्मनीतील धुतलेल्या गुळगुळीत रस्त्यावर ही स्थिती असेल, तर पावसाळ्यात चिखलाने माखून निघणाऱ्या ऊसवाहू ट्रॅक्टर-ट्रॉलीची आणि मुरुमाच्या डंपरची गोष्ट वेगळी सांगायला नको. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात हेच गाजर गवत १९६० च्या सुमारास टेक्सासहून आलेल्या चाऱ्याच्या बियाण्यात मिसळून शिरले. तेथे प्रमुख मार्गांवर वाहने धुण्याची सार्वजनिक केंद्रे उभारण्यात आली आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात शिरणाऱ्या कापणीयंत्रांना साफ करून तपासणी करून घेणे बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये जपानी नॉटवीड या तणाच्या मुळखोडाचे तुकडे असलेली माती १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यान्वये नियंत्रित कचरा समजली जाते, ती कोणी कोठेही टाकू शकत नाही. हे सगळे देश श्रीमंत आहेत, त्यांना ते परवडते, असे यावर उत्तर दिले जाईल. परंतु पाण्याचा टँकर आणि दाबाची नळी ही साधने साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या ठेकेदाराकडेही असतातच, कारण मुरूम दाबताना पाणी मारल्याशिवाय त्याचे काम पास होत नाही.

आता ‘सर्वत्र आहेच’ या मुख्य युक्तिवादाकडे वळावे. वस्तुस्थिती अशी की ही तणे सर्वत्र नाहीत. ती सर्वत्र आहेत असे वाटते, कारण बहुतेक माणसे मुलूख पाहतात तो रस्त्यावरून, आणि रस्त्याच्या कडेलाच त्यांची दाटी सर्वाधिक असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभ्याचे सडे, म्हणजे पावसाळ्यात तीन-चार महिनेच फुलणारी खडकाळ पठारे, याचे उत्तम उदाहरण आहेत. तेथे मातीचा थर इतका पातळ आणि उन्हाळा इतका कडक असतो, की दीपकाडीसारख्या कोकणाबाहेर न आढळणाऱ्या आणि इतर चिमुकल्या वनस्पतीच तेथे टिकू शकतात. बाहेरच्या तणाला त्या उघड्या खडकावर पाय रोवणे अवघड जाते. परंतु सड्यावरून रस्ता काढला, त्याच्या कडेला दूरवरून आणलेली माती आणि मुरूम पसरला, पाण्यासाठी चर खोदला, की तणाला हवी असलेली खोल, ओलसर, ढवळलेली जमीन आयती तयार होते. तेथून ते खडकाच्या भेगांतून, गुरांच्या पायवाटांतून आत सरकू लागते. ज्या ठिकाणी गाजर गवत साठ वर्षे मुरले आहे तेथे रस्त्याची कड साफ ठेवून फारसा फरक पडणार नाही, हे मान्य. पण ज्या ठिकाणी ते कालपरवा पोहोचले आहे आणि अजून रस्त्याची कड ओलांडून गेलेले नाही, तेथे ती कड हीच रोखण्याची एकमेव जागा असते. सगळ्या कडांना एकच उपचार आणि एकच उदासीनता लावणे हा आळसाला दिलेला शास्त्रीय मुलामा आहे. समृद्धी महामार्गासारखा ७०१ किलोमीटरचा नवा मार्ग विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्र यांना एका पट्टीने जोडतो, तेव्हा त्या पट्टीच्या दोन्ही कडांवर पहिल्या काही वर्षांत काय उगवू दिले जाते, यावर पुढच्या पन्नास वर्षांचे गणित ठरते. तण रोखण्याचे काम पहिल्या वर्षी स्वस्त असते, दहाव्या वर्षी महाग होते आणि तिसाव्या वर्षी अशक्य होते.

यापुढचा युक्तिवाद अधिक लाघवी आहे, कारण तो सौंदर्याच्या आणि हिरवाईच्या नावाने येतो. कड हिरवी दिसते, माती धरून ठेवते, मग ती कोणत्या वनस्पतीने हिरवी आहे याची उठाठेव कशाला, असे विचारले जाते. पुणे परिसरातील टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नारिंगी-पिवळ्या कॉसमॉसचे जे ताटवे दिसतात, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढण्यासाठी लोक गाड्या थांबवून उतरतात. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला हा बागेतला पाहुणा आहे. त्याच्या लांबट, सुईसारख्या बीच्या टोकाला उलट्या काट्यांचे दोन ताठ केस असतात, ते कपड्याला, मोज्याला, कुत्र्याच्या अंगाला आणि शेळीच्या केसांना अडकतात, आणि छायाचित्र काढून परतणारा प्रत्येक जण आपल्या नकळत पाच-पंचवीस बिया पुढे नेतो. ज्या जागी तो दाटीने येतो तेथे पावसाळ्यात उगवणाऱ्या देशी गवतांना आणि रानफुलांना वाव उरत नाही. काही ठिकाणी तर सुशोभीकरणाच्या नावाखाली त्याचे बी मुद्दाम फेकले जाते. हीच कथा वेडेलियाची: पिवळ्या फुलांची ही सरपटणारी अमेरिकन वनस्पती दुभाजकांत आणि उतारांवर जमीन झाकण्यासाठी लावली जाते, कारण ती पाण्याविनाही पसरते, आणि पसरते म्हणूनच ती जगातील १०० अत्यंत त्रासदायक आक्रमक जातींच्या, आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तज्ज्ञगटाने केलेल्या यादीत आहे. त्याच यादीत घाणेरी, रानमोडी आणि सुबाभूळ हीही नावे आहेत, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या घाटरस्त्याच्या दहा किलोमीटरमध्ये जगाच्या काळ्या यादीतील तीन-चार नावे सहज भेटावीत. (गाजर गवत मात्र त्या यादीत नाही, यादी करणाऱ्यांनी एका प्रजातीतून शक्यतो एकच नमुना निवडला होता, तेव्हा नाव नसणे म्हणजे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे.)

केंद्र सरकारने २०१५ मध्ये हरित महामार्ग धोरण जाहीर करून प्रकल्पाच्या एकूण खर्चाच्या १ टक्का रक्कम वृक्षारोपण आणि सुशोभीकरणासाठी राखून ठेवली. उद्देश स्तुत्यच होता. परंतु झाड लावणे आणि योग्य झाड लावणे या दोन गोष्टींचा खर्च एकच असताना निवड करण्यासाठी लागणारा विचार मात्र बहुतेक ठिकाणी झाला नाही. झटपट वाढते, गुरे खात नाहीत, फांदी रोवली तरी जगते, हे गुण पाहून गिरिपुष्प लावले जाते. आणि तेच तीन गुण त्याला आक्रमक बनवण्यास कारणीभूत ठरतात, याकडे दुर्लक्ष होते. माती धरून ठेवण्यासाठी परक्या वनस्पतींवाचून पर्याय नाही, हे तर साफ चुकीचे आहे. उतारावर वाळा, पठारावर मारवेल आणि पवना ही देशी गवते मुळांचे घट्ट जाळे विणतात, वर्षाकाठी चाराही देतात. उलट रानमोडी हिवाळ्यात फुलून उन्हाळ्याच्या तोंडाशी सुकते, तिची वाळलेली दाट खोडे कोणी विडीचे थोटूक टाकल्याबरोबर भडकतात, वणवा गेल्यानंतर जमीन उघडी पडते, आणि पहिल्या पावसात त्या उघड्या जमिनीवर बुंध्यापासून फुटून पहिली कोण येते, तर पुन्हा रानमोडीच.

फवारणीचा मार्ग सुचवणारे लोक स्वतःला वास्तववादी समजतात. एकदा तणनाशक मारले की मजूर नको, कापणी नको, असा त्यांचा हिशेब असतो. ग्लायफोसेट हे भारतात सर्वाधिक परिचित तणनाशक. त्याच्या वापराबाबत केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते केवळ परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरावे असा निर्बंध घातला, कारण माणसे आणि जनावरे यांच्या आरोग्याला असलेला धोका सरकारला मान्य करावा लागला. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत, हे खरे, परंतु संरक्षक साधनांविना, प्रशिक्षणाविना फवारणाऱ्या माणसाची अवस्था दोन्हीकडे सारखीच असते. आणि आरोग्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी फवारणीने हेतू साधत नाही. तणनाशक उभ्या झाडाला मारते, बीजपेढीला नाही; देशी गवतही त्याच फवाऱ्यात जळते; आणि मागे राहते ती उघडी, स्पर्धकहीन जमीन, जी गाजर गवताला सर्वांत प्रिय. रस्त्याच्या कडेचे पाणी गटारातून ओढ्यात जाते, हे तर त्या गटारावर देखरेख करणाऱ्या खात्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

जैविक नियंत्रणाची बाब निराळी, आणि तिच्यावर भिस्त ठेवावी हा विरोधकांचा मुद्दा काही अंशी बरोबर आहे. एका परक्या वनस्पतीवर तिच्याच मुलखातील कीटक सोडणे म्हणजे जैविक नियंत्रण. दख्खनभर माजलेला फड्या निवडुंग १९२६ मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील जातीच्या किड्याने आटोक्यात आणला, हे त्याचे गाजलेले यश. गाजर गवतावर मेक्सिकोतून १९८३ मध्ये बंगळुरूला आणलेला आणि पुढच्या वर्षी सोडलेला झायगोग्रामा हा भुंगा आजही पावसाळ्यात पाने फस्त करताना दिसतो. मात्र तो जून ते ऑक्टोबर एवढाच सक्रिय असतो, उरलेला काळ मातीत निद्रिस्त पडून राहतो, आणि नेमक्या त्या काळात साइडपट्टी खरवडणारा जेसीबी त्या मातीलाच उचलतो. भुंग्यावर भरवसा ठेवून कापणीचे वेळापत्रक न बदलणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय. याहून बोधप्रद आहे तो सेन्ना युनिफ्लोराचा अनुभव. मूळचा अमेरिकेतला, टाकळ्याचा हा भाऊबंद गाजर गवताला मागे सारतो असे दिसल्यावर कर्नाटक आणि महाराष्ट्रात त्याचे बी मुद्दाम पसरवण्याचा पुरस्कार झाला. त्याने काही जागी गाजर गवताला हटवलेही, परंतु आज रस्त्यांच्या कडांना त्याचीच दाट पट्टी उभी दिसते आणि तिलाही गुरे तोंड लावत नाहीत. एका आक्रमकाची जागा दुसऱ्याला दिली, एवढेच घडले.

उरतो तो सर्वांत जोरकस युक्तिवाद, पैशाचा. वर्षातून एकदा कापणी करणेही जेथे निधीअभावी रखडते, तेथे दोन-तीन वेळा उपटणे कोठून होणार? या प्रश्नाचे उत्तर अंदाजपत्रकाच्या ओळीत आहे. आजची ओळ झुडपे आणि गवत ‘काढून साफ करणे’ एवढेच सांगते आणि क्षेत्रफळावर पैसे देते. काम केव्हा करायचे, वनस्पती फुलण्याआधी की नंतर, मुळासकट की वरून, काढलेले टाकायचे कोठे, यांपैकी काहीही ती विचारत नाही. ठेकेदाराने नोव्हेंबरमध्ये बी पिकलेले गाजर गवत वरून छाटले किंवा जुलैमध्ये फुलाआधी मुळासकट उपटले, तरी दर तोच. अशा स्थितीत तो सोपे काम निवडतो, यात त्याचा दोष नाही. कामाचे मोजमाप तारखेशी आणि वनस्पतीच्या अवस्थेशी जोडले, तर खर्च फारसा न वाढता परिणाम बदलतो: पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांत, माती ओली असताना, रोपे हाताने मुळासकट उपटणे, त्यानंतर महिन्याभराने बीजपेढीतून आलेली दुसरी खेप उपटणे, ऑक्टोबरमध्ये फक्त दृष्टीच्या आड येणारी झुडपे आणि देशी गवत योग्य उंचीवर कापणे. फुलाआधी उपटलेले गाजर गवत खतखड्ड्यात चालते. फुलावर आलेले असेल, तर ते गोणीत भरून त्याच ठिकाणी खड्ड्यात पुरावे लागते, कारण त्याची वाहतूक म्हणजे पुन्हा पेरणीच.

हे काम करायचे कोणी, या प्रश्नावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण येथे जुन्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात पूर्वी रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर मैलकुली नेमलेला असे. तो त्याच तुकड्यावरून रोज चाले, गटारातला गाळ काढे, खचलेली कड पाहून ठेवी आणि मुकादमाला किंवा रस्ता कारकुनाला सांगे. ती पदे कमी होत गेली आणि देखभाल वर्षातून एकदा येणाऱ्या ठेक्याकडे सरकली. आक्रमक तणाविरुद्धचे काम मात्र वर्षातून एकदा येणाऱ्याच्या हातून होण्यासारखेच नाही; ज्या रोपाला फुलायला चार आठवडे लागतात, त्याच्यावर दर पंधरवड्याने एक नजर पडावी लागते, आणि नवी, अनोळखी वनस्पती दिसली तर ती आधीच्या वर्षी नव्हती हे ओळखणारा माणूस लागतो. रोजगार हमीची कल्पना ज्या राज्यात जन्मली, तेथे दर पाच-सहा किलोमीटरमागे पावसाळ्याचे चार महिने दोन स्थानिक माणसे नेमणे आर्थिकदृष्ट्या अशक्य आहे, हे पटण्यासारखे नाही. त्यांना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि नाकावर पट्टी ही साधने मात्र द्यावी लागतील. आज ज्या मजूर स्त्रिया उघड्या हातांनी गाजर गवताच्या पेंढ्या बांधतात, त्यांच्या मनगटावरची खाज कोणत्याही देयकात लिहिली जात नाही.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. ती वेळ वनस्पतीच्या दृष्टीने बरीचशी बरोबर आहे, आणि त्यातच सारा विरोधाभास सामावलेला आहे: ज्या आठवड्यात शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी आवारातले गाजर गवत उपटतात, त्या आठवड्यात कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर खात्याचे कोणतेही काम सुरू नसते. कायद्याने हे आपोआप सुधारेल असेही नाही. शेजारच्या कर्नाटकाने १९७० च्या दशकातच गाजर गवताला शेतीस अपायकारक तण म्हणून जाहीर केले होते, आणि तरीही ते थांबले नाही, कारण घोषणेमागे रस्त्याच्या कडेवरील माणूस, तारीख आणि दर उभे राहिले नाहीत. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राला आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि फैलाव यांवर नियमन करण्याचा अधिकार दिला असला, तरी साइडपट्टीचा मुरूम कोठून आणायचा हे ठरवणारा अधिकारी तालुक्यातल्या उपविभागातच बसतो.

विरोधकांना जे देणे आहे, तेही स्पष्टपणे दिले पाहिजे. अपघातप्रवण वळणावर झुडूप वाढले असेल, तर ते फुलावर आहे की नाही हे न पाहता तत्काळ कापले पाहिजे. माणसाच्या जिवापुढे वनस्पतीच्या वेळापत्रकाला महत्त्व नाही. डोंगराआड शेकडो हेक्टर पसरलेली घाणेरी बांधकाम खात्याने उखडावी अशी अपेक्षा कोणीही करू नये. ते वनखात्याचे आणि दीर्घ मुदतीचे काम आहे. खात्याकडून अपेक्षा आहे ती एवढीच की त्याने आपल्या हाताने तण वाहून नेऊ नये, आणि जेथे तण अजून पोहोचलेले नाही तेथे आपला रस्ता त्याची वाट होऊ देऊ नये.

जैवविविधता कायदा २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या समित्यांपैकी ज्या कार्यरत आहेत, त्यांनी आपल्या हद्दीतून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कोणते तण कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचले आहे याची नोंद त्या वहीत करावी आणि पुढील आर्थिक वर्षाची अंदाजपत्रके तयार होण्याआधी, म्हणजे जानेवारीतच, उपविभागीय अभियंत्याकडे तीन मागण्या लेखी द्याव्यात: कडेच्या सफाईचे काम फुलोऱ्यापूर्वीच्या तारखांना बांधावे, भरावाच्या मुरुमाची खाण तणमुक्त असल्याची पाहणी करून घ्यावी, आणि यंत्रे गावच्या हद्दीत आणण्यापूर्वी धुऊन आणावीत. लेखी मागणीला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.